पैसा पोराच्या खात्यात, पण शिकवणाऱ्याच्या हातात काय?

प्रशिक्षणासाठी सरकारी अनुदान आहे, शिकायला पोरं आहेत, कामही पडून आहे. तरी तालुक्याची गॅरेजं अन् वर्कशॉपं या योजनांच्या बाहेरच का राहिली?

दिवाळी सरली की हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस येतात. रात्रपाळीची लाइट, त्यात दाब कमी-जास्त, अन् नेमकी मोटार जळते. शेतकरी ती विहिरीतून वर काढतो, गाडीवर टाकतो अन् तालुक्याला मोटार भरणाऱ्याकडं नेतो. तिथं आधीच रांग लागलेली. मिस्त्री एकटाच, हाताखाली एखादा पोरगा. नंबर लागतो तो चार-पाच दिवसांनी. तोवर हरभरा वाट पाहत बसतो.

त्याच तालुक्यात आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन कोर्स केलेली पोरं ऑनलाइन अर्ज भरायच्या दुकानांसमोर उभी दिसतात. पोलीस भरती, तलाठी भरती, रेल्वे, नाहीतर पुण्याला चाकणची कंपनी. मिस्त्रीला हाताखाली माणूस मिळत नाही अन् पोराला काम मिळत नाही, अशी दोन्हीकडून ओरड आहे.

ही दरी भरायला सरकारनं पैसा ठेवलेला आहे, आणि तो थोडाथोडका नाही. मालकानं नवख्या माणसाला शिकवावं म्हणून त्याच्या विद्यावेतनाचा काही भाग, किंवा सगळंच विद्यावेतन सरकार देतं. असं असूनही बुलडाणा जिल्ह्यातल्या तालुक्यांत हा पैसा मोटार भरणाऱ्याच्या दुकानापर्यंत पोचत नाही. मग तो अडतो कुठं, हे बघायला योजनांचे नियम उघडून बसावं लागतं.

मालकाला मदत देणारी तीन दारं

पहिलं दार केंद्राचं आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा. त्याला जोडून ऑगस्ट 2016 मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली. मालकानं शिकाऊ उमेदवार घेतला तर त्याच्या किमान विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, पण महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र देतं. 2023 पासून हा वाटा थेट पोराच्या बँक खात्यात जमा होतो. 2019 च्या नियमांप्रमाणं दहावी झालेल्याला किमान 6,000, बारावी किंवा आयटीआय झालेल्याला 7,000, डिप्लोमावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये विद्यावेतन ठरलं. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं यात 36 टक्के वाढीची शिफारस केली.

दुसरं दार राज्याचं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, गावात जिला सगळे 'लाडका भाऊ' म्हणतात ती. 28 जून 2024 ला तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात ती जाहीर केली आणि जुलैत शासन निर्णय निघाला. 18 ते 35 वयाच्या उमेदवारांसाठी बारावीला 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये महिना. आधी मुदत सहा महिने होती, 2025 मध्ये ती अकरा महिने झाली. इथं विद्यावेतनाची सगळी रक्कम सरकारची. मालकाच्या खिशातून विद्यावेतनापोटी एक रुपयाही जात नाही.

तिसरं दार नवीन आहे. केंद्राची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना, 1 ऑगस्ट 2025 पासून लागू. ही खरं तर प्रशिक्षणाची योजना नाही, नोकरी देणाऱ्याला मदत आहे. जादा माणूस कामावर ठेवला आणि टिकवला तर मालकाला महिन्याला 3,000 रुपयांपर्यंत, दोन वर्षं. वस्तू तयार करणाऱ्या उद्योगांना त्यापुढं आणखी दोन वर्षं. पण हिशोब सगळा पीएफच्या खात्यावरून.

कागदावर तिन्ही दारं उघडी आहेत. त्यातून आत कोण जाऊ शकतं, हे मात्र मालकाकडं माणसं किती यावर ठरतं.

सरकारनं मालकाला पैसे का द्यावेत?

शेतकऱ्याच्या तोंडी हा प्रश्न येणं साहजिक आहे. सोयाबीनला भाव नाही, कापूस घरात पडून, अन् सरकार कारखानदाराच्या कामगाराचा पगार देतं, हे कसं? त्याचं उत्तर आधी नीट पाहिलं पाहिजे.

मोटार भरणं शिकायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पहिले काही महिने पोरगा नुसता जुनी तार काढतो, खाचा साफ करतो, विटे मोजतो. या काळात त्याच्यापासून दुकानाला कमाई होत नाही, उलट मिस्त्रीचा वेळ जातो. एखादी मोटार चुकीची भरली तर तांब्याची तार गेली, इन्सुलेशन पेपर गेला, वार्निश गेलं अन् गिऱ्हाईकही गेलं. हा सगळा खर्च मालक सोसतो. पोरगं तयार झालं, हात बसला, की तो वाळूजला नाहीतर चाकणला निघून जातो. तिथं पगार दीडपट-दुप्पट. शिकवायचा खर्च इथल्यानं केला, फायदा दुसऱ्यानं नेला.

म्हणून बाजारात प्रत्येक मालक शिकलेला माणूस शोधतो, शिकवायला कोणीच तयार नसतो. सगळे दुसऱ्यानं शिकवायची वाट पाहतात. याचं नुकसान शेवटी पोराचं आणि गिऱ्हाइकाचं होतं. हा तोटा वाटून घ्यायला सरकारनं हात लावावा, हा अशा अनुदानामागचा विचार आहे आणि तो चुकीचा नाही. पोरगा पुढं कुठंही गेला तरी त्याचा हात कामाला येतो. विमा, पीएफ, नोंदणी असलेल्या धंद्यांची संख्या वाढते.

पण हाच विचार धरला, तर मदतीची गरज सगळ्यात जास्त कुणाला आहे? ज्याच्याकडं शिकवायला वेगळा विभाग नाही, ज्याचा एकच मिस्त्री आहे, ज्याचं शिकलेलं पोरगं उडून जायची भीती रोजची आहे, त्याला. म्हणजे तालुक्याच्या वर्कशॉपवाल्याला. आणि नेमका तोच या तिन्ही दारांत बसत नाही.

माणसं मोजून दार उघडतं

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हाच्या शासन निर्णयात खासगी आस्थापनेसाठी अट होती ती किमान 20 कर्मचाऱ्यांची. आस्थापना तीन वर्षं जुनी हवी, पीएफ, ईएसआयसी, जीएसटीच्या नोंदी हव्यात. उद्योगाला आपल्या मनुष्यबळाच्या 10 टक्के आणि सेवा क्षेत्राला 20 टक्के उमेदवार घेता येतात. म्हणजे 20 माणसांच्या कारखान्याला दोन पोरं.

केंद्राच्या शिकाऊ उमेदवारीत अट सौम्य आहे. 30 किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक, एकूण माणसांच्या अडीच ते 15 टक्के. 4 ते 29 माणसं असतील तर मालकाच्या मर्जीवर. चारपेक्षा कमी असतील तर विषयच संपला.

रोजगार योजनेत पीएफ नोंदणी लागते. 50 पेक्षा कमी माणसं असलेल्या मालकानं किमान दोन जादा माणसं घेतली पाहिजेत. पीएफचा कायदा मुळात 20 माणसांपासून पुढं लागू होतो. त्याखालच्यांना स्वेच्छेनं नोंदणी करता येते, पण तीन माणसांचं गॅरेज चालवणारा दर महिन्याचं ऑनलाइन चलन अन् त्यासाठीचा हिशोबनीस कुठून आणणार?

आता आपल्याकडचा बाजार डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टर गॅरेजवर एक मिस्त्री, दोन हेल्पर. वेल्डिंगच्या दुकानात, जिथं रोटाव्हेटरची पाती बसवतात अन् ट्रॉलीची दुरुस्ती होते, तिथं मालक धरून तीन जण. मोटार भरणारा अन् एक पोरगा. ठिबकचं साहित्य विकणारा अन् बसवून देणारे दोघं. मोबाइल दुरुस्ती, एसी-फ्रिज, टायर, बॅटरी, पिठाची गिरणी, मळणी यंत्राची दुरुस्ती. यातल्या बहुतेकांकडं चारसुद्धा माणसं नाहीत, मग वीस कुठून येणार?

खामगाव, मलकापूर, चिखलीला एमआयडीसी आहे. तिथल्या मोठ्या कारखान्यांना या योजना लागू होतात अन् ते वापरतातही. जिल्ह्यात तालुके मात्र तेरा आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद अन् संग्रामपूर, तिकडं लोणार, इकडं मोताळा, इथल्या पोरानं कोणत्या 20 माणसांच्या कारखान्यात जायचं?

त्यात जे मोठे आहेत त्यातले बरेच हंगामी. जिनिंग कापूस येतो तोवर चालतं. दालमिलचा जोर तूर-हरभऱ्याच्या आवकेवर. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमधलं भाजीपाला बीजोत्पादन मोठं आहे. परागीकरणाचं काम बारीक नजरेचं, शिकल्याशिवाय न जमणारं. पण ते चालतं शेतकऱ्याच्या शेडमध्ये, रोजानं आलेल्या बायांच्या हातून. तिथं आस्थापना कोणती, कर्मचारी किती अन् प्रशिक्षणार्थी कोण, हे कोणत्याच फॉर्मच्या रकान्यात बसत नाही.

मग पोरं गेली कुठं? सरकारी कचेरीत

खासगी मालक नाहीत म्हटल्यावर ग्रामीण तालुक्यांत या राज्य योजनेचा सगळ्यात मोठा मालक सरकारच ठरलं. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची शाळा, पंचायत समिती, तहसील, कृषी कार्यालय, आरोग्य केंद्र. हजारो प्रशिक्षणार्थी इथं रुजू झाले.

त्यांनी काम केलं नाही असं कोणी म्हणू नये. ग्रामपंचायतीत दाखले काढले, शाळेत वर्ग सांभाळले, कार्यालयात संगणकावर माहिती भरली. रिकाम्या पदांचा भार त्यांनी उचलला. गावातल्या गावात काम असल्यानं मुलींना अन् लग्न झालेल्या बायांना ते सोयीचं पडलं. महिन्याला हाती आलेल्या पैशानं घराला आधार झाला, तोही खोटा नाही.

पण प्रशिक्षण म्हणजे पुढं कुठं तरी विकता येईल असं कौशल्य. ग्रामपंचायतीत अकरा महिने दाखले काढल्यावर त्या अनुभवाला गिऱ्हाईक फक्त एकच, ग्रामपंचायत. तिथं पद नाही, भरती नाही, अन् असली तरी ती स्पर्धा परीक्षेतून. खासगी कारखान्यात शिकलेला पोरगा दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकतो. कचेरीत शिकलेल्यानं जायचं कुठं? मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थ्यांनी कायम करा म्हणून आंदोलनं केली, ती या कारणानं. सरकारनं त्यांना नोकरीचा शब्द दिला नव्हता हे खरं. पण ज्या खुर्चीवर पोरं अकरा महिने बसली, ती खुर्ची रिकामी आहे हे त्यांनी रोज पाहिलं. मग ती खुर्ची आपली का नाही, हा प्रश्न कोणाच्याही मनात येणारच. अकरा महिने हा आकडा तर सरकारी कंत्राटी नेमणुकांमुळं सगळ्यांच्या ओळखीचाच.

म्हणजे मालकाला शिकवायला प्रोत्साहन देण्यासाठी ठेवलेला पैसा रिकाम्या पदांवर स्वस्तात माणूस बसवायला वापरला गेला. त्यातून पोरांचं अकरा महिने भागलं, पण तालुक्यात ना एक मोटार भरणारा वाढला ना एक ट्रॅक्टर मिस्त्री.

शिकवायचा खर्च कोणत्याच रकान्यात नाही

आणखी एक गोष्ट बारकाईनं बघावी लागते. या योजना विद्यावेतन देतात. शिकवणाऱ्याला काय मिळतं?

केंद्राच्या योजनेचा हिशोब करू. समजा चार माणसांच्या वर्कशॉपनं आयटीआय झालेला एक पोरगा 7,000 रुपयांवर शिकाऊ उमेदवार म्हणून घेतला. 25 टक्के म्हणजे 1,750 होतात, पण कमाल मर्यादा 1,500 ची. उरलेले 5,500 मालकाचे. वर्षाला केंद्राचे 18,000 अन् मालकाचे 66,000. शिवाय वाया गेलेली तार, मोडलेली हत्यारं, मिस्त्रीचा वेळ. मोठ्या कंपनीला हे 66,000 जाणवत नाहीत, कारण शिकाऊ उमेदवार घेणं तिला तसंही बंधनकारक आहे. लहान वर्कशॉपवाला म्हणेल, त्यापेक्षा तयार हेल्पर रोजानं घेतो, काम नसेल तेव्हा सुट्टी देतो.

2016 च्या मूळ केंद्रीय योजनेत एक चांगली तरतूद होती. अगदी नवख्या, कोणताही कोर्स न केलेल्या उमेदवाराच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी 500 तास किंवा तीन महिन्यांपर्यंत 7,500 रुपयांपर्यंत खर्चाचा वाटा. रक्कम लहान होती, पण शिकवणं हा वेगळा खर्च आहे हे त्यात मान्य केलं होतं. राज्याच्या योजनेत सरकार सगळं विद्यावेतन देतं, पण शिकवणाऱ्याच्या वेळेचा रकाना तिथं नाही. मग मालकाला पोरगा फुकट मिळतो खरा, पण त्याला शिकवायचं कारण काय? फुकट मिळालेल्या माणसाकडून झाडलोट, माल उचलणं, चहा आणणं ही कामं करून घेणं सोपं. शिकवायला वेळ लागतो, राबवून घ्यायला लागत नाही. वाईट मालक असा वागेलच, अन् चांगला मालकही गडबडीच्या हंगामात तेच करेल.

केंद्रानं कारागिरांसाठी सप्टेंबर 2023 मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आणली. त्यात प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. पण ती 18 पारंपरिक धंद्यांपुरती. लोहार, सुतार, कुंभार, शिंपी त्यात आहेत. ट्रॅक्टर मिस्त्री नाही, मोटार भरणारा नाही. आज खेड्यातला लोहार म्हणजे रोटाव्हेटरची पाती बसवणारा वेल्डरच, हे कागदाला अजून कळलेलं नाही.

गैरवापराची भीती खरी आहे, पण

लहान वर्कशॉपांना योजना खुली केली तर बोगसगिरी होईल, असं अधिकारी म्हणतात. ते उगाच नाही. कागदावर गॅरेज, मालकाचा पुतण्या प्रशिक्षणार्थी, महिन्याला हजेरी अपलोड, पैसे वाटून घेतले, हे घडू शकतं. शेततळ्यापासून विहिरीपर्यंत आपल्याकडं कागदावर काय काय झालं हे गावोगाव ठाऊक आहे.

दुसरी काळजी सुरक्षिततेची. लहान वेल्डिंग दुकानात चष्मा नाही, हातमोजे नाहीत, अर्थिंग धड नाही. तिथं पोराला सरकारनं पाठवलं अन् अपघात झाला तर जबाबदार कोण? मुलींसाठी तर संडासाची सोय नसलेली दुकानं जास्त.

पण 20 माणसांची अट ठेवली म्हणजे बोगसगिरी थांबते असंही नाही. अट ठेवून फक्त तपासायची कटकट वाचते. सरकारला तपासायला सोपं पडावं म्हणून लहान दुकानं बाहेर ठेवली, अन् त्याची किंमत मोजतो तो रांगेत मोटार ठेवून बसलेला शेतकरी अन् कामाविना फिरणारा पोरगा.

करायचं ठरवलं तर वाट आहे

यासाठी नवा कायदाही लागणार नाही. शिकाऊ उमेदवारीच्या चौकटीत अनेक लहान आस्थापनांच्या वतीनं एखाद्या मधल्या संस्थेनं उमेदवारांची नोंदणी, कागदपत्रं अन् देखरेख सांभाळायची सोय आधीच आहे. शहरात हे काम खासगी एजन्सी करतात. तालुक्यात ते शासकीय आयटीआय करू शकते. राज्यात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत. त्यांच्याकडं निदेशक आहेत, हत्यारं आहेत, परीक्षा घ्यायचा अनुभव आहे. दहा-पंधरा गॅरेजं अन् वर्कशॉपांचा एक गट, त्याची नोंद आयटीआयकडं, आठवड्यात पाच दिवस पोरगा दुकानात, एक दिवस आयटीआयत. महिन्यातून एकदा निदेशकानं दुकानात जाऊन बघायचं. अर्थात निदेशकांच्या रिकाम्या जागा आधी भरल्या पाहिजेत, नाहीतर हेही कागदावरच राहील.

पैशाचंही बघा. राज्य योजनेत आयटीआय झालेल्या एका पोरावर अकरा महिन्यांत 88,000 रुपये खर्च होतो. पदवीधराला कचेरीत बसवलं तर 1,10,000. म्हणजे वर्कशॉपमधल्या आयटीआयच्या पोराला त्याचे 88,000 दिले अन् वर महिन्याला 2,000 शिकवणाऱ्या मिस्त्रीला दिले, तर 22,000 वाढून बेरीज तेवढीच होते, 1,10,000. सरकारच्या तिजोरीला तेवढाच भार, पण एका पोराचा हात तयार होतो अन् मिस्त्रीलाही शिकवायचं कारण मिळतं. मिस्त्रीचा निम्मा वाटा शेवटी, पोराची प्रत्यक्ष परीक्षा झाल्यावर द्यायचा. मोटार समोर ठेवायची, भरून दाखव म्हणायचं. फिरली तर दोघं पास. यात पुतण्याला कागदावर पास करणं अवघड जाईल.

हंगामी धंद्यांसाठी मुदत जोडून घ्यायची सोय हवी. चार महिने जिनिंगमध्ये मशीन देखभाल, पुढचे महिने गॅरेजमध्ये, असं एकाच करारात का नाही? पोराला दोन कामं येतील.

सुरक्षिततेचं साहित्य अन् अपघात विमा हा खर्च सरकारनं उचलावा. ज्या दुकानात मुलींची सोय आहे त्यांना आधी प्राधान्य द्यावं. ठिबक, सौर पॅनल, मोबाइल, शेतीमाल प्रतवारी ही कामं मुली उत्तम करतात, फक्त त्यांना दार उघडायला हवं.

सध्या अर्ज करायचा असेल तर

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर ज्या पोरांना या योजनांतून जायचं आहे त्यांनी काही गोष्टी बघून घ्याव्यात.

शिकाऊ उमेदवारीची नोंदणी केंद्राच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते, राज्य योजनेची महास्वयमवर. राज्य योजनेत नवीन जागा निघाल्यात का, हे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारून घ्यावं. बँक खातं आधारशी जोडलेलं असावं, नाहीतर पैसा अडकतो. विद्यावेतन हजेरीवर अवलंबून असतं, म्हणून आपली हजेरी आपणही वहीत लिहून ठेवावी.

शिकाऊ उमेदवारीत मालक अन् उमेदवार यांच्यात लेखी करार होतो अन् तो पोर्टलवर नोंदतात. कराराची प्रत हातात घ्यावी. त्यात ट्रेड कोणता, मुदत किती, विद्यावेतन किती हे वाचावं. ट्रेड इलेक्ट्रिशियन असेल अन् काम पॅकिंगचं देत असतील तर वेळीच आयटीआयत किंवा शिकाऊ उमेदवारीच्या कार्यालयात सांगावं. शेवटी परीक्षा देऊन मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र घेतल्याशिवाय सोडू नये, तेच पुढं कामाला येतं.

आणखी एक. कायद्यानं शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, त्याला नोकरी द्यायची सक्ती मालकावर नाही. मालकानं उमेदवारांना कामावर घेण्याबाबत आपलं धोरण मात्र ठरवलेलं असावं लागतं. ते काय आहे, मागच्या वर्षीच्या किती पोरांना ठेवलं, हे रुजू व्हायच्या आधीच विचारावं. विचारण्यात लाज नाही.

वर्कशॉपवाल्यांसाठी एवढंच, की ज्यांच्याकडं चार किंवा जास्त माणसं आहेत त्यांना केंद्राच्या शिकाऊ उमेदवारीचं दार आजही उघडं आहे. 1,500 रुपयांत सगळं भागत नाही, पण नोंदणी केली म्हणजे पुढं नियम सैल झाले तेव्हा नाव आधीच आत असेल.

पाच वर्षांनी काय?

राज्यात सौर कृषी पंपांची संख्या आता लाखांत गेली आहे. आपल्या जिल्ह्यातही विहिरीवर पॅनल दिसत नाही असं गाव शोधावं लागेल. या पंपांना पुरवठादाराची पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. आज पंप बंद पडला तर कंपनीच्या नंबरवर फोन करायचा अन् माणूस यायची वाट बघायची. पाच वर्षं सरली की ती जबाबदारी संपते. मग कंट्रोलर बिघडला, पंप अडकला, वाऱ्यानं पॅनल फुटलं, तर तो दुरुस्त कोण करणार?

ते काम येणारा पोरगा तेव्हा तालुक्यात हवा असेल तर त्याचं शिक्षण आज सुरू झालं पाहिजे. त्याला शिकवू शकणारा मिस्त्री आज आहे, दुकान चालू आहे, पोरगाही आहे. सरकारनं पैसाही ठेवलेला आहे. फक्त नियम लिहिताना 20 माणसांच्या कारखान्याऐवजी एकदा तीन माणसांचं वर्कशॉप डोळ्यांसमोर धरावं लागेल. लोकप्रतिनिधींकडं रस्ता, सभामंडप, हायमास्ट मागायला गावं जातात. त्या यादीत ही एक मागणीही लिहायला हरकत नाही.